पहिली सुरी धाकट्याची

आमच्या घरमालकीणबाई भोपळा पेरायच्या, वाढवायच्या, त्याच्यासाठी पहाटे उठायच्या, गल्लीतल्या दहा जणांच्या वेलांची दुखणी निस्तरायच्या. पण भोपळा कापायच्या नाहीत. अख्ख्या भोपळ्याला बाईमाणसाने पहिली सुरी लावायची नसते म्हणे. घरातल्या पुरुषाने लावायची, मग बाईने त्याचं काय हवं ते करावं. भोपळा म्हणजे घरातला थोरला मुलगा, आणि थोरल्या मुलावर कुठली आई सुरी चालवेल? हे मला कोण सांगायचं, तर जिने उभा जन्म शाळेत विज्ञान शिकवलं ती बाई. आणि घरात पुरुष नव्हता. बाईंचं लग्न झालेलं नव्हतं, माझं झालेलं ते मी मोडून आलेले. दोन बायका, माळ्यावर सात भोपळे, आणि सुरी धरायला माणूस नाही. हसू येतंय ना? मलाही यायचं.

पुरुष यायचा होता तो घोडबंदर रोडवरून. बाईंचा भाऊ. बाई त्याला 'धाकटा' म्हणायच्या म्हणून मीही धाकटाच म्हणते, नाहीतर चांगला पन्नाशी उलटलेला, पोट सुटलेला, बाविसाव्या मजल्यावर राहणारा गृहस्थ तो. आई गेली तेव्हा हा पाच वर्षांचा होता. बाईंनी त्याला वाढवला, शिकवला, त्याचं लग्न लावून दिलं आणि या गडबडीत त्यांचं स्वतःचं राहून गेलं. 'राहून गेलं' हे शब्द बाईंचे. मी दुसरे वापरले असते. दर रविवारी धाकटा येणार असायचा आणि दर रविवारी साडेअकराला त्याचा फोन यायचा, "ताई, शीळफाट्याला अडकलोय गं. आता इथूनच परत फिरतो." शीळफाट्याला ट्रॅफिक असतं, नाही कोण म्हणतंय? पण फोनमध्ये कधी हॉर्न ऐकू यायचा नाही. कुकरच्या शिट्ट्या ऐकू यायच्या. बाई फोन ठेवायच्या, "किती लांबून आलेला बिचारा," म्हणायच्या आणि माळ्याकडे बघायच्या.

घर डोंबिवली पूर्वेला, दोन टॉवरांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत. बाईंनी नोकरीत असताना स्वतःच्या पगारातून बांधलेलं दोन खोल्यांचं बैठं घर, त्याला लागून माझी भाड्याची खोली, आणि मागे आवार. आवार कसलं, एक टेम्पो उभा राहील एवढी जागा. पण त्यात बाईंनी कंपाउंडच्या भिंतीवर, पत्र्यावर, कपडे वाळत घालायच्या तारेवरसुद्धा वेल चढवलेले. माझे कपडे वर्षभर खोलीत वाळायचे. तक्रार केली तर म्हणायच्या, "तुझ्या कपड्यांना ऊन नाही मिळालं तर काय बिघडतं? त्यांना थोडीच फळ धरायचंय."

पहाटे सहाला माझ्या दारावर टकटक. "उठलीस का गं? फुलं मिटतील." भोपळ्याचं फूल पहाटे उमलतं आणि दहाच्या आत मान टाकतं, तेवढ्यात काम उरकायचं असतं. नराचं फूल तोडायचं, त्याच्या पाकळ्या सोलून काढायच्या, आणि मधला पिवळा दांडा मादीच्या फुलात हलकेच फिरवायचा. मादीच्या फुलाखाली सुपारीएवढा भोपळा जन्मतःच असतो. हे काम झालं नाही तर तो चार दिवसांत पिवळा पडून गळतो. पूर्वी हे मधमाश्या करायच्या. आता दोन्ही टॉवरवाले महिन्याला औषध फवारतात, मधमाश्या येणार कुठून? म्हणून बाई करायच्या, नाइटीवर शाल घेऊन, पाटावर चढून. आणि मी नि गल्लीतले बघे मागे उभे असलो की वर्गातल्यासारख्या ओरडायच्या, "हात मागे!" कारण कोवळ्या फळाला बोट दाखवलं तर ते सडतं.

"बाई, हे तुम्ही मानता?" मी एकदा विचारलं.

"मुळीच नाही. सडतं ते फळमाशीने. ती सालीत अंडी घालते."

"मग हात मागे कशाला?"

"हात मागे घ्यायला तुझं काय जातं?"

फळमाशीसाठी त्यांनी जुन्या परकरांच्या पिशव्या शिवलेल्या. फळ मुठीएवढं झालं की त्याला पिशवी चढायची, जमिनीवर टेकत असेल तर खाली कौल सरकायचं, आणि देठाजवळ खडूने नंबर पडायचा. मग सकाळी हजेरी. "एक, दोन, तीन... चार कुठाय? चार!" चार नंबर पानाआड सापडला की त्याला चक्क रागवायच्या. गल्लीत त्यांना भोपळेबाई म्हणायचे. त्यांना माहीत होतं. "वाईट काय आहे? शाळेत याहून वाईट म्हणायचे," एवढंच बोलायच्या.

लोक मात्र गरज पडली की हातात पान घेऊन यायचे, डॉक्टरकडे रिपोर्ट घेऊन जातात तसे. नाक्यावर भाजी विकणारी एक आगरी मावशी होती, तिच्या परसातला वेल रुसलेला. "बाय, माजे येलाला नुसती फुला येतान. भोपला नाय धरत."

"पहिलं फूल येऊन किती दिवस झाले?"

"झालं आठ दिस."

"मग ती सगळी नराची आहेत. नर आधी येतो, मिरवतो आणि गळून पडतो. मादी मागून येते. आठ दिवस थांब, रडू नकोस."

"आन् नाय आली त?"

"तर मग तू शेणखत जास्त घातलंयस. अती खाऊ घातलं की नुसती पानं माजतात, फळाचं नाव नाही. खत बंद कर आणि शेंडा खुड."

मावशी गेली आणि मी बाईंकडे बघत राहिले. अहो, कळत होतं तुम्हाला सगळं! अती खाऊ घातलं की काय होतं ते एका भाजीवालीला कळेल अशा भाषेत सांगत होतात. मग स्वतःच्या घरात जो नुसता पानांनी माजलेला, त्याचा शेंडा खुडायला तुमचे हात का नाही धजावले? हे मी तेव्हा तोंडावर बोलले नाही. बोलायला हवं होतं.

एकदा मात्र माझं डोकं फिरलं. श्रावण होता. माळ्यावरचा एक भोपळा बुडाशी मऊ पडायला लागलेला, दोन दिवसांत कुजला असता, आणि धाकटा तिसऱ्या रविवारी शीळफाट्याला अडकलेला. बाई देवळात गेल्या असताना मी तो उतरवला, विळीवर धरला आणि टाकला चिरून. खराब भाग काढला, उरलेला किसला, गूळ घातला आणि घारगे तळले. बाई आल्या. वासावरूनच समजल्या. मी म्हटलं, "बाई, ओरडा हवं तर. पण गरम आहेत तोवर खा."

ओरडल्या नाहीत. एक घारगा उचलून हुंगला. मग डबा काढला, खाली कागद घातला, सगळे घारगे मोजून रचले आणि झाकण लावलं. "धाकट्याला फार आवडतात. रविवारी येईल तेव्हा." मी सांगते, त्या क्षणी मला त्या बाईचा इतका राग आला की ताट आपटून मी खोलीत निघून गेले. घारगे रविवारपर्यंत टिकले. सोमवारी मी ते डब्यासकट कचऱ्याच्या गाडीत टाकले, आणि डबा टाकला म्हणून बाई माझ्याशी आठ दिवस बोलल्या नाहीत.

मग त्यांच्या डोळ्यांनी दगा दिला. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. ऑपरेशन करून घ्या म्हटलं की "हंगाम संपू दे", आणि भोपळ्याचा हंगाम बाईंनी वर्षातून दोनदा लावलेला, तो संपणार कधी? पहाटे मला नराचं फूल कुठलं, मादीचं कुठलं ते सांगावं लागायचं. "डोळे तुझे, हात माझा," म्हणायच्या. मी पण सांगायचे. माझी नोकरी कल्याणला विम्याच्या ऑफिसात, लोकांचे क्लेमचे कागद तपासायची. कुठे खाडाखोड, कुठे सही राहिलीय, कुठल्या ओळीत काय लपवलंय, हे शोधायचा मला पगार मिळतो. बाईंना त्याचं भारी कौतुक. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या, "ही बघा, दिवसभर कागद वाचते. हिच्या नजरेतून काही सुटत नाही."

सुटायचं. एका फेब्रुवारीत मी सकाळी कंटाळा केला. बाईंनी विचारलं, "पानांवर पांढरी पूड दिसते का गं?" मी दारातूनच म्हटलं, "नाही बाई, पानं स्वच्छ आहेत." भुरी पडलेली. पाहिली असती तर आंबट ताक पाण्यात कालवून दोनदा फवारलं की भागलं असतं. चार दिवसांनी बाईंनी पान अंगठ्याने चोळलं आणि अंगठा माझ्यासमोर धरला. पिठासारखा पांढरा. "बघितलं होतंस," त्यांनी विचारलं, "की बघितलं म्हणालीस?" भिंतीवरचा अख्खा वेल गेला. मला वाईट वाटलं, दोन दिवस. त्यापुढे नाही, खरं सांगते.

आता जे सांगायचं ते सांगते.

त्या वर्षी माळ्यावर नऊ भोपळे होते. बाई रोज संध्याकाळी एकेक खाली घेऊन चाचपायच्या, मऊ पडला का बघायच्या, परत ठेवायच्या. डोळ्यांना दिसत नाही, शिडीवर चढतायत. मला बघवेना. मी त्यांच्या नकळत धाकट्याला फोन केला आणि सुनावलं. "अहो, एकदा या. तुमच्याकडून त्यांना काही नको. पाच मिनिटं बसा, एका भोपळ्याला सुरी लावा आणि जा. तेवढ्यासाठी बाई वर्षानुवर्षं तिष्ठत बसल्यात."

तो म्हणाला, "एवढंच होय?"

आला. रविवारी नाही, मंगळवारी सकाळी आला, शीळफाटा ओलांडून, वेळेच्या आधी. पायजमा घालून जमिनीवर बसला, नंबर दोनचा भोपळा पुढ्यात ओढला आणि त्याला सुरी लावली. बाई समोर भिंतीला टेकून बसलेल्या. त्यांना नीट दिसत नव्हतं, पण पातं आत शिरल्याचा आवाज झाला तेव्हा त्यांनी हात जोडले. मग जे सुरू झालं! भरीत काय, घारगे काय, बियासुद्धा भाजल्या. माझी ऑफिसला जायची वेळ टळून गेली तरी मला सोडेनात. धाकटा पोटभर जेवला, हात धुतले, आणि बॅगेतून कागद काढले. "ताई, ते आपलं ठरलेलं. आज मुहूर्त बरा आहे. दुपारी रजिस्ट्रेशनच्या ऑफिसात जाऊन येऊ. साक्षीदार एक माझा आहे, एक या होतील."

घर धाकट्याच्या नावे करायचं, हे बाईंचं पूर्वीच ठरलेलं होतं. त्यात मला काही बोलायचं नव्हतं, घर त्यांचं, भाऊ त्यांचा. पण बाईंनी एक अट घातलेली. त्या असेपर्यंत याच घरात राहतील आणि मागच्या आवाराला कोणी हात लावणार नाही, असं कागदात लिहिलेलं हवं.

"ते घातलंय ना रे?" त्यांनी विचारलं.

"वकिलाला सांगितलंय, ताई."

बाईंनी कागद माझ्याकडे दिले. "तू बघ गं. तुझी नजर आहे."

सहा-सात पानं होती. मी पहिलं पान बघितलं. नावं, पत्ता, चतुःसीमा. दुसरं उलटलं. धाकटा मला म्हणाला, "तुमचं खोलीचं अकरा महिन्यांचं ॲग्रीमेंट संपतंय ना पुढच्या महिन्यात? काळजी करू नका, मी बघतो." अगदी गोड आवाजात म्हणाला. मला खोली सोडायची नव्हती. त्या भाड्यात डोंबिवलीत काय मिळतं? आणि तो समोर बसलेला, भाऊ आहे, मी कोण, भाडेकरू. त्याच्यादेखत एकेक ओळ बोटाने वाचत बसायचं म्हणजे त्याला चोर म्हणण्यासारखं. ऑफिसातून दोन मिस्ड कॉल आलेले. मी उरलेली पानं फरफर उलटली.

"आहे का?" बाईंनी विचारलं.

"आहे, बाई," मी म्हटलं.

दुपारी बाईंचा अंगठा झाला, फोटो झाला. मी साक्षीदार म्हणून सही केली, माझं आधार कार्ड दिलं. बाहेर आल्यावर बाईंनी आम्हाला दोघांना उसाचा रस पाजला. फार खूश होत्या. परत येताना गाडीत धाकट्याला सांगत होत्या की कोळ्याचं पिल्लू पानाच्या मागे असलं तर मारायचं नाही, ते किडे खातं.

चार महिन्यांनी घराचं रिपेअर काढायचंय म्हणून धाकटा त्यांना घोडबंदर रोडला घेऊन गेला. पंधरा दिवसांसाठी. वेलावर पाच फळं होती, बाई मला नंबरवार सांगून गेल्या की कुठल्याला कौल सरकवायचं, कुठल्याची पिशवी काढायची. माझं संपलेलं ॲग्रीमेंट तो आज करू, उद्या करू म्हणत लांबवत होता, ते त्याने आता बघितलंच. मला महिन्याभरात खोली रिकामी करायला सांगितली. मी भांडले, कागदाची भाषा काढली, तर तो म्हणाला, "मॅडम, कागद तुम्हीच वाचलेला ना?" मी चार रस्ते सोडून दुसरीकडे खोली घेतली. घराभोवती पत्रे लागले. एका सकाळी रिक्षातून जाताना पत्र्याच्या फटीतून बघितलं तर आत सगळं सपाट, मध्ये पाणी साचलेलं. मी रिक्षावाल्याला थांब म्हटलं नाही.

बाईंचा फोन आला तो त्यानंतर खूप दिवसांनी. "ये गं एकदा. काम आहे." मी टाळलं, दोनदा. तिसऱ्यांदा गेले.

तिथे त्यांचे हाल होते असं नाही. ते असते तर मला बरं वाटलं असतं, देवाशप्पथ. स्वच्छ खोली, एसी, पलंग, वेळेवर जेवण. वहिनी, म्हणजे धाकट्याची बायको, बोलायला नीट. डोळ्यांचं ऑपरेशन साखरेपायी लांबलेलं. बाई पलंगावर भिंतीला टेकून बसलेल्या, हात मांडीवर, आणि त्यांची नखं इतकी स्वच्छ की मला ते हात ओळखू येईनात. जन्मभर त्या नखांत माती बघितलेली.

"बस," म्हणाल्या. मग आवाज चढवून हाक मारली, "धाकट्या! इकडे ये. तो कागद घेऊन ये."

धाकटा दारात आला. वहिनीही आली, चहा घेऊन. बाई मला म्हणाल्या, "हा म्हणतो, कागदात तसं वाक्यच नाही. मी राहण्याचं, आवाराचं, काहीच नाही म्हणतो. जन्मात पहिल्यांदा मी याला खोटारडा म्हटलं, माहितीय? याच्याशी बोलत नाही मी. महिना झाला. मी म्हटलं, माझे डोळे गेलेत पण तिने वाचलंय. तिच्या नजरेतून काही सुटत नाही. तिला बोलावते आणि तुझ्या तोंडावर वाचून दाखवायला लावते."

धाकट्याने कागद माझ्या हातात दिला. त्याला ठाऊक होतं आत काय आहे. मला ठाऊक नव्हतं. मी तो तेव्हा पहिल्यांदा वाचला. पहिल्या पानापासून, मोठ्याने, सगळा. पाचव्या पानाशी आले तेव्हा उरलेल्या पानांवरूनही नजर फिरवली आणि माझ्या लक्षात आलं की ते वाक्य कुठेच नाही. बाई डोळे मिटून ऐकत होत्या. मान पुढे, कान माझ्याकडे.

मी पान उलटलं आणि वाचलं, "लिहून देणार या हयात असेपर्यंत सदर घरात राहतील, व घरामागील आवारास कोणीही हात लावणार नाही."

वहिनी नवऱ्याकडे बघायला लागली. धाकटा माझ्याकडे बघत होता, आणि मी कागदावरून नजर वर केली नाही.

"हं," बाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा एकदम सैल झाला. धाकट्याच्या दिशेने त्यांनी हात पुढे केला, रागाने नाही, किती तरी मायेने. "मी म्हटलं नव्हतं? आता झालं गेलं सोड. मला घरी कधी नेतोस ते सांग."